रेई करूनच आत यायचं : आमच्या कराटे क्लासची वाटचाल

जून १९९८ ला कोल्हापुरात शाहूपुरीत लाकडाच्या वखारीमागं एक पत्र्याचं शेड होतं, तिथं आपला क्लास चालू झाला. पोरं सहा, फी महिना ६० रुपये, खाली शहाबादी फरशी, मॅट वगैरे काही नाही. आज पोरं ११० च्या आसपास आहेत, मुलींची वेगळी बॅच आहे, हॉल पहिल्या मजल्यावर आहे (पहिल्याच मजल्यावर का ते पुढं येईल). मधली अठरा वर्षं क्लास चालला, परीक्षा झाल्या, पोरं आली, गेली, त्याचं काय लिहायचं. मला लिहायचंय ते रेईबद्दल, म्हणजे कराटेत वाकून करतात त्या नमस्काराबद्दल, कारण त्याच्यावरूनच क्लास बंद पडायची वेळ आली होती.

आमचे वडील गंगावेस तालमीत मेहनत करायचे. त्यामुळं मी बघितलेला पहिला डोजो (शिकायची जागा) म्हणजे लाल मातीचा हौद. चप्पल बाहेर, मारुतीला नमस्कार, हौदात उतरताना चिमूटभर माती कपाळाला, वस्ताद बसलेले असले तर आधी त्यांच्या पाया पडायचं, आणि कुस्ती लागायच्या आधी समोरच्याला सलामी. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही, सगळे करायचे म्हणून मी पण करायचो. पुढं सतराव्या वर्षी कराटेच्या क्लासला गेलो आणि सरांनी पहिल्यांदा "ओतागाई नी रेई" (एकमेकांना रेई) म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अरे ही तर सलामी. फुनाकोशी सेन्सेईंनी (सेन्सेई म्हणजे गुरू) १९२२ ला ओकिनावाचं कराटे टोकियोत नेऊन दाखवलं, त्यांची जी वीस सूत्रं आहेत त्यात पहिलंच हे आहे की कराटे रेईनं सुरू होतं आणि रेईनंच संपतं. पहिला वार करायचा नाही हे दुसरं सूत्र. रेई त्याच्याही आधी ठेवलीय, बघा.

आपल्या क्लासला पहिल्या दिवसापासून एकच पद्धत. सेझाला, म्हणजे गुडघे मुडपून टाचांवर, बसताना डावा गुडघा आधी, उठताना उजवा पाय आधी. मोकुसो (डोळे मिटून शांत बसणं), मग रेई, आधी शोमेन (समोर), मग सेन्सेई, मग ओतागाई. सेन्सेई नी रेईला पोरं जेवढी वाकतात तेवढाच मी पण वाकतो, अगदी तेवढाच. बेल्ट सुटला तर वळून भिंतीकडं तोंड करून बांधायचा. गीची (कराटेच्या ड्रेसची) डावी बाजू वर, कारण उजवी वर ही जपानमध्ये मयताला नेसवायची पद्धत आहे, दरवर्षी दोन तरी आया पोराला उलटा गी घालून पाठवतात. उशीर झाला तर दारात सेझात बसायचं, खूण केली की रेई करून आत. यामे (थांबा) म्हटलं की हात जिथं असेल तिथं थांबला पाहिजे. आणि नखं. नखं मी स्वतः बघतो, रोज.

आता तो विषय. २००३ ला नऊ वर्षांचा एक मुलगा आला, नाव लिहीत नाही. हात इतका साफ की हेआन शोदान (पहिला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) आठवड्यात बसला, आणि नुसती एकवीस मूव्हमेंटची मोजणी नाही, कंबर वळत होती. वडिलांची परिस्थिती बेताची, म्हणून सात वर्षं मी त्याची फी घेतली नाही, परीक्षेची फी पण वहीत नुसती मांडून ठेवायचो. २०१२ ला तो शोदान (पहिला ब्लॅक बेल्ट) झाला, लहान पोरांची बॅच त्याच्याकडं दिली, किल्ली पण दिली. माझ्या मनात होतं की पुढं क्लास हाच बघेल.

२०१५ मध्ये एक गोष्ट झाली ती मी लपवत नाही. आठवीतल्या एका ऑरेंज बेल्टनं यामे झाल्यावर छोट्या व्हाइट बेल्टच्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फुटला. माझं डोकं फिरलं आणि त्याला २०० बैठका मारायला लावल्या. दोन दिवस त्या पोराला जिना चढता आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले आणि ते बोलले ते सगळं बरोबर होतं. आमच्या सरांच्या हातात बांबू असायचा, मी क्लास काढतानाच ठरवलेलं की आपण काठी हातात घ्यायची नाही, पण बैठका म्हणजे काठीच की, नुसती दिसत नाही एवढंच. मी त्यांच्या घरी गेलो, पोरासमोर उभा राहून रेई केली आणि माफी मागितली. तेव्हापासून शिक्षा बंद. चूक केली की भिंतीला बसून पाच मिनिटं बघायचं, मग परत रांगेत. पोरांना ती पाच मिनिटं जास्त जड जातात असा माझा अनुभव आहे.

हे सांगायचं कारण, २०१६ च्या दिवाळीनंतर आमचा हा शिष्य न सांगता गेला आणि जानेवारीत आपल्यापासून चार बिल्डिंग सोडून त्यानं स्वतःचा क्लास काढला. काढावा, त्याबद्दल तक्रार नाही, पोरगं मोठं झालं की वेगळी चूल मांडतंच. पण त्यानं पालकांना घरोघरी जाऊन काय सांगितलं तर "सर पोरांना बैठका मारायला लावतात, पोरं घाबरून असतात, तिथं नुसतं वाकायला शिकवतात." आणि त्या दिवशी त्या २०० बैठका मोजायला कोण उभा होता, तर हाच. एकशे साठच्या पुढं पोराचे पाय कापायला लागले तेव्हा "सर बास" एवढं तो म्हणू शकला असता. मला आवडलं असतं.

त्याच्या बोर्डावर लिहिलेलं, १२ महिन्यांत ब्लॅक बेल्ट. आपल्याकडं निदान पाच वर्षं लागतात, कुणाला त्याहून जास्त. त्याच्याकडं म्युझिक, भारी मॅट, रेई नाही, सेझा नाही, पोरं त्याला भाई म्हणायची. पहिल्या तीन महिन्यांत आपल्या ९२ पोरांतली ४० गेली, वर्षभरात राहिली १७. जाताना किती जणांनी सांगितलं असेल? दोघांनी. बाकीची सोमवारी दिसली नाहीत, बास. रस्त्यात भेटली की पालक दुसरीकडं बघायचे. एका बाईंनी फोन करून मागच्या महिन्यातले आठ दिवसांचे पैसे परत मागितले, मी दिले.

तेव्हा मला घरातूनपण सांगितलं गेलं की तुम्ही पण जरा सैल सोडा, बेल्ट लवकर द्या, दहावीच्या क्रीडा गुणांसाठी येणाऱ्यांना स्पर्धेपुरतं शिकवा आणि मोकळे व्हा. रात्ररात्र विचार केला. एका परीक्षेला मी जवळजवळ तसं केलं पण होतं, तीन पोरांचे ग्रीन बेल्ट काढून टेबलावर ठेवले होते आणि तिघांची पण कोकुत्सु दाची (मागच्या पायावर भार देऊन उभं राहणं) बसलेली नव्हती, सगळा भार पुढच्या पायावर. बेल्ट परत पिशवीत ठेवले. त्यातली दोन पोरं पुढच्या आठवड्यात त्याच्या क्लासला गेली.

या सगळ्यात एक माणूस हलला नाही, ते म्हणजे आमचे शिलाईवाले चाचा. १९९९ पासून आपल्या पोरांचे गी तेच शिवतात. मेरठ-जालंधरचा रेडिमेड गी मिळतो आता, पण चाचांचा गी वेगळा. इचलकरंजीचं ड्रिल कापड आणायचं, रात्रभर पाण्यात टाकून आधी आटवून घ्यायचं आणि मगच कापायचं, नाहीतर दुसऱ्या धुण्याला पँट नडगीवर येते. कॉलरला सात शिलाया, मशीनला अठरा नंबरची सुई, बगलेत वेगळा तुकडा म्हणजे आगे उके (वरचा वार अडवायला हात उचलणं) करताना ओढ बसत नाही. बाहीची कड चार शिलाया मारून जड करतात त्यामुळं त्सुकी (ठोसा) सुटला की फाट्ट आवाज येतो. पोरं त्या आवाजासाठी दहा जादा त्सुकी मारतात, खरं सांगतो.

त्यांची मुलगी २००६ ला क्लासला आली. तेव्हा समोरच्या भिंतीवर फुनाकोशींचा फोटो होता आणि सेझातून आपण वाकायचो. चाचा एक दिवस सगळी पोरं गेल्यावर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, पोरगी शिकू दे, पण आमच्यात तसबिरीपुढं डोकं टेकवत नाहीत, काय करूया?" मी म्हटलं दोन दिवस द्या. विचार केला की शोमेन म्हणजे समोर. त्या जागेला, ज्यांनी आधी इथं घाम गाळला त्यांना रेई. फोटो असलाच पाहिजे असं कुठं आहे? फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावला, समोरची भिंत मोकळी ठेवली, आणि ज्याला पाहिजे त्यानं उभ्यानं रेई करायची असं सगळ्यांसाठीच ठरवलं. आमच्या त्या शिष्यानं पुढं याचा पण विषय केला, ते इथं लिहीत नाही, लिहायच्या लायकीचं नव्हतं. चाचांची मुलगी २०१४ ला शोदान झाली आणि आज मुलींची बॅच तीच घेते, मोकुसोला तिच्या बॅचमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता असते.

मग ऑगस्ट २०१९ चा पंचगंगेचा महापूर. कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. आपलं शेड कुंभार गल्लीच्या अंगाला, आत छातीएवढं पाणी. आठवड्यानं दार उघडलं तर मॅटच्या दातांत गाळ बसलेला, वास असा की आत उभं राहवेना. वीस वर्षांचं हजेरीचं रजिस्टर म्हणजे लगदा. आणि माकीवारा (ठोसे मारायची फळी), सागाची फळी खाली जाड, वर निमुळती केलेली, काथ्या मी स्वतः गुंडाळलेला, ती पाणी पिऊन पिळवटली होती. मॅटपेक्षा मला तिचं जास्त वाईट वाटलं. मालक म्हणाला शेड पाडणार. १७ पोरं, जागा नाही, मॅट नाही. मी चाचांना सांगायला गेलो की आता गी शिवू नका, बंद करतोय. त्यांच्या दुकानात पण पाणी शिरून गेलेलं, मशीन खोलून रॉकेलनं पुसत बसले होते. वर न बघता म्हणाले, "वीस गीचं कापड माळ्यावर सुकं आहे मास्टर. शिवून ठेवतो. पोरं तुम्ही आणा."

पैसे त्यांनी दीड वर्ष मागितले नाहीत. मी एका शाळेच्या पटांगणात सकाळी साडेपाचला क्लास घ्यायला लागलो, उघड्यावर, मातीत, आणि पोरं मातीत उतरताना रेई करायची तेव्हा मला वडिलांची तालीम दिसायची. मार्च २०२० ला ते पण बंद झालं, मोबाइलवर क्लास घेतले, पोरं कॅमेऱ्याला रेई करायची. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे आल्यावर चौकशीचे फोन वाढले, २०२४ च्या पॅरिसला कराटे नव्हतं तरी ती पोरं टिकली. आताचा पहिल्या मजल्यावरचा हॉल तेव्हाचा. पाण्यापेक्षा जिना बरा.

नवीन क्लास काढणाऱ्यांना एक सांगतो. फी पोराच्या हातून मागू नका, पालकाला फोन करा, पोराला रांगेत सगळ्यांसमोर फीचं बोललात की तुमची रेई गेली. गुरुपौर्णिमेला पोरं पाया पडतात, पडू द्या, आपल्याकडची रीत आहे, पण क्लासच्या वेळेत मात्र रेईच, कारण रेई परत द्यावी लागते. आणि पालकांनी दारातून "हात वर घे, हात वर घे" ओरडू नये. गी गार पाण्यात धुवा, ब्लीच घालू नका, कापड मरतं.

२०२२ ला जिल्ह्याच्या एका स्पर्धेत आपल्या क्लासच्या मुलाची कुमिते (लढत) त्या जुन्या शिष्याच्या क्लासमधल्या मुलाशी लागली. आपला हरला, तीन पॉइंटनं, त्याचा पोरगा चांगला होता यात वाद नाही. पण जिंकल्याबरोबर त्या पोरानं मिट (हातमोजे) काढून हवेत फेकले आणि उड्या मारत मॅटच्या बाहेर. आपला मुलगा रेईच्या जागेवर उभा, समोर कुणीच नाही. रेफरीनं त्याला परत बोलावलं, जागेवर उभं केलं. ते पोर गोंधळून आपल्या सरांकडं बघायला लागलं की काय करू, आणि सर मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. मग आपल्याच मुलानं आधी वाकून दाखवलं, तेव्हा ते वाकलं. बारा वर्षांचं पोर, त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये तो शिष्य समोर आला. सहा वर्षांनी. मी सवयीनं रेई केली. तो म्हणाला "काय सर, बरं चाललंय ना," आणि एका हातात मोबाइल तसाच धरून दुसरा हात पुढं केला. मी हात मिळवला. घरी येईपर्यंत मी गाडीवर काही बोललो नाही, मागं बसलेल्या पोरानं विचारलं सर मी हरलो म्हणून रागावलाय का, तेव्हा गाडी बाजूला घेऊन त्याला भडंग खायला घातला. शिष्यानं परत रेई केली नाही ते मला अजून लागतं, खोटं कशाला सांगू. त्याच्या परीक्षांची फी वहीत मांडलेली, ती वही ऑफिसमध्ये वरच्या कपाटात होती म्हणून पुरातून वाचली. ते पान फाडलेलं नाही.

चाचांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, नात ओवून देते. या जूनला ती पण येतेय, सहा वर्षांची, तिचा गी त्यांनी स्वतःच कापलाय, वाढायला दोन इंच आत सोडून.

नवीन बॅच १५ जूनपासून. सकाळी ६ ते ७, संध्याकाळी साडेपाच ते सात, मुलींची बॅच मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिले तीन दिवस फी नाही, येऊन नुसतं बसून बघा. चपला जिन्याखाली, जोडून, तोंडं बाहेरच्या बाजूला.