तुम्ही विचारलंत म्हणून : बचत गटाला हळदी-कुंकू कशाला?

‘तुमचा बचत गट आहे की महिला मंडळ?’ हा प्रश्न मला बँकेत, पंचायत समितीत आणि पाहुण्यांच्या घरीही विचारला जातो. गटाच्या नावाने हळदी-कुंकू होते, हादगा होतो, रक्ततपासणीचे शिबिर होते आणि मग विचारणाऱ्याला वाटते की पैशाच्या कामात हे सगळे कशाला. कर्ज घ्यावे, फेडावे आणि आपापल्या घरी जावे. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात गटाची सचिव म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे उत्तरही मी वहीपासूनच देते.

गटाची पद्धत तशी साधी आहे. दहा ते वीस जणींचा गट असतो. ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, त्यातूनच अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे, याला पंचसूत्री म्हणतात. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आमच्या राज्यात माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, स्थापना १९७५ मधली आणि ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासूनचे. पुढे पंचसूत्रीची दशसूत्री झाली आणि आरोग्य, शिक्षण, पंचायतराज, शासकीय योजना व शाश्वत उपजीविका ही सूत्रे तिच्यात आली. म्हणजे हे कार्यक्रम नियमाला धरूनच आहेत. पण नियम नसता, तरी आम्ही ते केले असते. बँक गटाला कर्ज देते ते तारण न घेता. एकीचा हप्ता थकला तर नाव सगळ्या गटाचे खराब होते. अशा व्यवहारात कोणाच्या घरी काय चालले आहे हे वेळेत कळणे फार महत्त्वाचे असते, आणि ते बैठकीत क्वचितच कळते. बैठकीत बाई कर्जाचे कारण ‘घरखर्च’ एवढेच सांगते. खरे कारण ती सांगते ते कुरडया घालताना.

म्हणून उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर सांगते. चैत्र-वैशाखात आम्ही कुरडयांचे काम गटाने करतो, काही घरासाठी आणि काही विक्रीसाठी. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळ ओतून द्यायची. आधणात मीठ-हिंग घालून चीक घाटायचा, हे एकटीचे काम नाही. एकीने ओतायचा, दुसरीने हात न थांबवता ढवळायचे, नाहीतर गाठी होतात. ऊन चढायच्या आत सोऱ्याने माळवदावर जुन्या लुगड्यावर कुरडया घालून व्हाव्या लागतात. त्या पहाटेच्या कामात आम्हा बायकांखेरीज ऐकायला दुसरे कोणी नसते. आमच्या भागातली कितीतरी घरे मुंबईच्या माथाडी कामावर चालत आलेली आहेत. मालक तिकडे, शेती आणि म्हातारी माणसे इकडे. मुंबईहून पैसे यायचे थांबले आहेत, मुलीची फी राहिली आहे, सासूच्या औषधाला उधारी झाली आहे, हे अशाच वेळी कानावर येते. पुढच्या बैठकीत मग अध्यक्षताई स्वतःहून तिच्या कर्जाचा विषय काढतात, आणि तिला सगळ्यांपुढे हात पसरावा लागत नाही. वहीत फक्त रक्कम लिहिली जाते.

आता हळदी-कुंकवाविषयी, कारण त्यावरच सर्वांत जास्त विचारणा होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी हळदी-कुंकू असते आणि त्यात विधवा बाईला बोलावत नसत. आमच्या गटात मात्र विधवा सभासद होत्या. बचत सगळ्यांची सारखी आणि कुंकवाच्या दिवशी काहींनी घरी बसायचे, हे आमच्यातल्या अनेकींना सलत होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी त्याचा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. त्याचा आम्हांला मोठा आधार मिळाला. पुढच्या संक्रांतीला गटाने समाजमंदिरात हळदी-कुंकू ठेवले आणि आमंत्रण सगळ्या बायकांना दिले. काही जणी आल्या नाहीत. ज्या विधवा बायका आल्या, त्यांतल्या एकीने तिळगूळ घेतला, वाणाची पिशवी घेतली, पण कुंकू लावून घेतले नाही. तिच्यावर कोणी आग्रह केला नाही, आणि तेच बरोबर होते असे मला आजही वाटते. बोलावणे हे आमचे कर्तव्य, लावून घ्यायचे की नाही हा तिचा निर्णय. त्याच जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती शाळेत साजरी होते. त्यांचे नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातले. जयंतीला भाषण करायचे आणि संक्रांतीला पंगतभेद पाळायचा, हे आता आमच्याकडून होणार नाही.

पावसाळ्यात भाताच्या लावणीमुळे कार्यक्रम नसतात, बचत तेवढी चुकत नाही. गौरींच्या आधी झिम्मा-फुगड्यांचा सराव आणि हस्त नक्षत्रात मुलींचा हादगा असतो. हादग्याची खिरापत घरोघरची असते. त्यात आम्ही शेंगदाण्याचे लाडू, नाचणीची वडी असे पदार्थ सुचवले, कारण आरोग्य शिबिरात वयात आलेल्या मुलींचे रक्त कमी भरत होते. गावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीने हे आम्हांला समजावून सांगितले होते.

या सगळ्याचा परिणाम मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो ग्रामसभेत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी, अशी कायद्यात तरतूद आहे. पूर्वी ती कागदावर होत असे; वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जात. महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत, तरी सदस्य असलेली बाईही सभेत भिंतीला टेकून बसायची. समाजमंदिरात एकत्र झिम्मा खेळलेल्या बायका त्याच समाजमंदिरात सभेला आल्या तेव्हा गप्प बसल्या नाहीत. अंगणवाडीसमोर तुंबणाऱ्या गटाराचा विषय आमच्या महिला सभेने लेखी दिला. ग्रामसभेत तो वाचून दाखवताना आवाज माझा होता, पण खर्च कोणत्या फंडातून बसेल हे विचारणारी बाई तिसरीपर्यंत शिकलेली होती. ग्रामसेवकांनी विषय इतिवृत्तात घेतला. गटाराचे काम निम्मे झाले आहे, उरलेल्यासाठी आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे, आणि त्या अर्जावर ज्या सह्या आहेत त्यांतल्या बऱ्याच जणी आमच्या गटाच्या सभासद नाहीत. त्या हळदी-कुंकवाला आलेल्या आहेत.