तुम्ही विचारलंत म्हणून : महानोरांच्या सहीचं पुस्तक

‘रानातल्या कविता’ची १९६७ सालची पहिली आवृत्ती, आत कवी ना. धों. महानोरांची सही. मग विकत का नाहीस? ऑगस्ट २०२३ मध्ये ना. धों. गेले तेव्हापासून लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, फोनवर, जो भेटेल तो हेच विचारतो. शिवाय आकडाही तोच सांगतो.

आधी तुमच्या बाजूचं सगळं कबूल करतो. ती प्रत मी वाचत नाही. वाचायला नवी आवृत्ती आहे, ती उशाशी असते. जुनी पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. सही फार दुर्मिळ आहे असंही नाही. महानोरांचं गाव पळसखेड आमच्यापासून लांब नाही, आणि या भागात कितीतरी घरांत ती निघेल. आणि हो, पैशाची गरज मला होती. म्हणूनच पुण्याहून त्या माणसाला मी स्वतः बोलावलं.

मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हा जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणारा. बैठकीत बसून त्यानं प्रत उलटीपालटी केली, शिवण पाहिली, पानं उजेडाला धरली. सही आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव घालून केलेली आहे. “नुसती सही असती तर बरं झालं असतं सर, नाव आलं की गिऱ्हाईक कचरतं.” मग म्हणाला, “संगीतकाराची, गायिकेची सही नाही का कुठे? मग बघायला नको होतं.”

त्यांच्या सह्या नाहीत. त्यांची नावं मात्र आहेत. १९७७ साली ‘जैत रे जैत’ हा सिनेमा आला, त्यातली महानोरांची गाणी रेडिओवर वाजू लागली, तेव्हा आण्णांनी शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं एकेक मुखडा उतरवून ठेवला. ‘नभ उतरू आलं’च्या खाली त्यांच्या मास्तरी अक्षरात आहे : शब्द पळसखेडचे, चाल हृदयनाथांची, गळा आशाबाईंचा. गाणं गाजलं की शब्द कुणाचे हे लोक विसरतात, यावर आण्णा तावातावानं बोलायचे. चालीला कमी लेखायचे असंही नाही. कुणाचा वाटा कुठला, ते नीट मांडलेलं त्यांना हवं असायचं, इतकंच.

त्या पानाशी तो थांबला. “हे लिखाण काढावं लागेल. पेन्सिल आहे, निघेल.” बॅगेतून खोडरबर काढला आणि मी काही बोलायच्या आत घासायला लागला. कागद जुना, रबराखाली त्याचे तंतू उठले. ‘शब्द’मधला श गेला, ब्दचा वरचा भाग फिका पडला. चुरा त्यानं फुंकरीनं उडवला, तो मायच्या सुपात, निवडायला घेतलेल्या ज्वारीत पडला.

“भाऊ, ठिवा ते खाली,” माय म्हणाली. त्याला ऐकू गेलं नसावं. दुसऱ्यांदा म्हणाली ते शेजारच्यांनीही ऐकलं.

त्यानं माफी मागितली, लगेच आकडाही वाढवला. ऑपरेशनचा निम्मा खर्च निघाला असता. मी नाही म्हणालो, आणि पैसे व्याजानं काढले. त्याला बोलावलं यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा एखाद्याला बोलावेनही.

पण कॉलेजात असताना मीच आण्णांशी वाद घालायचो, की सही कसली पुजता, कविता पाठ पाहिजे. त्या पोराला आजही माझ्याकडे उत्तर नाही. कविता मला पाठ आहेत आणि पेटीला कुलूपही आहे. आण्णांच्या अक्षरासाठी ठेवलंय म्हणावं, तर त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या तेव्हा मी अडवलं नव्हतं.

काही जण म्हणतात, ग्रंथालयाला दे. विचारून आलो. पुस्तक दाखल करायचं तर पहिल्या पानावर शिक्का, म्हणजे सहीला लागूनच, आणि वर दाखल क्रमांक. त्यांचा नियम बरोबर आहे. शिक्का नसलेलं पुस्तक तिथून कधी नाहीसं होईल सांगता येत नाही. आणि तिथे ते निदान कुणाच्या तरी हाती पडेल, हेही मला कळतं. तरी अर्ज भरून आणला तो तसाच पडलाय.

मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवू आणि प्रत विकू. दिवाळीत तो आला की बोलणं होईल. तोवर कृपा करून फोनवर आकडा सांगू नका.