सुई कोणत्या घरापासून सुरू केली

गावठी कोंबड्यांना लस टोचायची तर पहाटे पाचला पोचावं लागतं. एकदा खुराडं उघडलं की दिवसभर कोंबडी हाती लागत नाही. आरेतल्या त्या पाड्यावर मी त्या रविवारी अंधारातच पोचले होते. माझा दवाखाना अंधेरीत, तिथे कुत्री-मांजरीच येतात. पण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कोंबड्यांच्या रोगांवर जीव जडला होता, म्हणून वर्षातून काही रविवार या पाड्यांसाठी ठेवते.

रानीखेत या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाची लस जिवंत विषाणूची असते. कुपीत तळाशी चिकटलेली कोरडी वडी, ती थंडगार द्रावणात विरघळवायची, बर्फात ठेवायची आणि दोन तासांच्या आत संपवायची. ऊन लागलं की ती नुसतं पाणी. मला मिळणारी सगळ्यात लहान कुपी शंभर डोसची आणि एका घरात कोंबड्या सात-आठ. विक्रेत्यांना हजारांच्या फार्मवाल्यांशीच बोलायला आवडतं. त्यामुळे पाच-सहा घरं एकत्र जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि या वेळी तसं थांबण्यात दीड महिना गेला.

सहा घरं, 38 कोंबड्या. पंखाखाली कातडी चिमटीत धरून अर्धा मिली. आजींच्या घरापासून सुरुवात केली, कारण त्यांनीच सगळ्यांना तयार केलं होतं. खुराड्याच्या कोपऱ्यात एक कोंबडा पंख सांडून उभा होता. "उन्हानं झालंय, डॉक्टरबाई," आजी म्हणाल्या. मार्चमध्ये ते खोटं वाटलं नाही. एक अंडं पातळ कवचाचं निघालं होतं, तेही त्यांनी दाखवलं. मी कॅल्शियमबद्दल दोन वाक्यं बोलले आणि पुढच्या घरी गेले. सुई तीच, हातही तेच.

मंगळवारी आजींच्या मुलाचा फोन आला. चार मेल्या होत्या. उरलेल्यांची मान वाकडी, तोंड उघडं टाकून श्वास घेतात, हिरवी पातळ विष्ठा. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात ते उगाच नाही. "तुमच्या इंजेक्शननं मेल्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पोचल्यावर मला कोंबडी फाडून बघायची होती. कलेजी-पेठ्यातला पेठा सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या आधी ग्रंथींचं एक छोटं जठर असतं. रानीखेतमध्ये बहुधा तिथे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. पाच मिनिटांचं काम. पण 2021 च्या जानेवारीत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, आणि एकदम मेलेली कोंबडी अंगणात चिरणं म्हणजे आपल्यासकट सगळ्या पाड्याला धोक्यात घालणं. सुरी पिशवीतच ठेवली आणि सरकारी दवाखान्यात कळवलं. तिथला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कोंबड्यांच्या घशातून आणि गुदद्वारातून बोळ्यांवर नमुने घेतले, मेलेली एक कोंबडी बर्फात बांधून नेली. त्यानं काम मात्र नेटकं केलं. अहवाल आला तेव्हा बर्ड फ्लू नव्हता. रानीखेत होता.

तोवर आजींच्या अकरापैकी नऊ गेल्या होत्या. नंतर शुक्रवार-शनिवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात मरायला लागल्या. कुणीतरी माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाण्यात घातल्या. विषाणूवर त्या चालत नाहीत हे सांगून माझा घसा बसला.

मग मी विचारलं, आणि हे रविवारी पहाटे विचारायला हवं होतं: "पंधरा दिवसांत नवं पाखरू आणलंत का?" होळीसाठी बाजारातून एक कोंबडा आणला होता. तोच, कोपऱ्यात उभा असलेला. अंगात विषाणू गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस, बहुधा पाच-सहा. लसीला उपयोगी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे आजींच्या कोंबड्यांना मी लसीनं मारलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते आणि मुलालाही सांगितलं.

दुसऱ्या-तिसऱ्या घराचं तसं सांगता येत नाही. रविवारपासून मोजलं तर शुक्रवारी पाच दिवस होतात. पाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात, रोग तिथून गेला असेल. किंवा माझ्या सुईवरून, माझ्या हाताला लागलेल्या विष्ठेतून. हे पाच दिवस आणि लक्षणं दिसायला लागणारे पाच-सहा दिवस, दोन्ही आकडे एकमेकांत बसतात आणि म्हणून मला झोप लागत नाही.

आता घरागणिक नवी सुई घेते, मध्ये साबणानं हात आणि चपला धुते, आजारी दिसणारं एक पाखरू असेल तर त्या घरात टोचतच नाही. नवी कोंबडी तीन आठवडे वेगळ्या टोपलीखाली, हे प्रत्येक दारात सांगते. साबणाला हा विषाणू टिकत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी त्या पहाटे बाटलीभर पाणीसुद्धा सोबत नेलं नव्हतं.

पावसाच्या तोंडावर पुन्हा गेले. आजींनी खुराड्याची माती खरवडून चुना मारला होता. वाचलेल्या दोन्ही कोंबड्या त्यांनी पुढे केल्या. त्यातल्या एकीची मान अजून वाकडी आहे, दाणा टिपायला ती गोल फिरते. तिसऱ्या घरातल्या बाईनं दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडं नको, ताई." मी आग्रह केला नाही. त्या दिवशी एकूण 14 कोंबड्यांना टोचलं. उरलेली कुपी आजींच्याच चुलीवर उकळून फेकून दिली.