केमोआधी वीर्य गोठवायचंय? बायकोची सही आणा!

कॅन्सरच्या केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवणार असाल तर सगळ्यात आधी वीर्य साठवणाऱ्या विभागाचा कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) मागून घ्या आणि घरी बसून नीट वाचा. बाकीचं सगळं जमतं. माझं घोडं फॉर्मवरच अडलं आणि अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

मला अंडकोषाचा कॅन्सर निघाला. तरुण वयातच जास्त दिसणारा आणि उपचारांना चांगली दाद देणारा आजार. पण केमोने शुक्राणू तयार होणं थांबू शकतं. काहींचं पुन्हा सुरू होतं, काहींचं होत नाही, आणि आपलं काय होणार हे आधी कुणी खात्रीने सांगू शकत नाही. केमो सुरू झाल्यावर शुक्राणूंमधल्या डीएनएला इजा होण्याची भीती असते, म्हणून जे काय साठवायचं ते पहिल्या डोसच्या आधीच. हे मला विचारल्यावर कळलं, आपणहून कुणी सांगितलं नाही. तुम्हीही विचारा. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या डोक्यात त्या वेळी गाठ असते, तुमची पुढची मुलंबाळं नसतात.

चिठ्ठी मिळाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या (एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी वगैरे). मग आलं काउंटर.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर दोन चौकोन होते, 'पतीची सही' आणि 'पत्नीची सही'. पहिल्यात मी सही केली. मॅडमनी दुसऱ्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"मिसेस नाही आल्या?"

"लग्न नाही झालेलं माझं."

"मग इथे कोणाची सही घेऊ?"

हे त्या मलाच विचारत होत्या! मी तिथे 'लागू नाही' असं लिहिलं. ते चालेना, कारण कॉम्प्युटरवर तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. "होणाऱ्या मिसेसची चालेल." त्याही नाहीत म्हटल्यावर सोबत आलेल्या दादाकडे बघून म्हणाल्या, "मग आईंची तरी आणा." पत्नीच्या रकान्यात आईची सही! दादाला हसू आवरेना. मला हसणं सुचत नव्हतं, कारण केमोची तारीख ठरलेली होती आणि तो दिवस वाया गेला असता तर दुसऱ्या सॅम्पलला वेळच उरला नसता. साहेब मीटिंगमध्ये होते. ते आले की बघू, तोवर बसा.

बसलो. समोर भिंतीवर नवरा, बायको आणि गुटगुटीत बाळ असं पोस्टर. या आजारामुळे इथे येणाऱ्यांत विशीतली पोरं असणारच, त्यांनी ऐन वेळी बायको कुठून पैदा करायची? गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याची नोंद १९५३ सालची आहे. म्हणजे तंत्राने सत्तरी ओलांडली, पण एकटा माणूस इथे येऊ शकतो हे काउंटरला अजून पटलेलं नाही.

शेवटी लॅबमधून एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये बीज, शुक्राणू आणि गर्भ हाताळणाऱ्या तज्ज्ञ) मॅडम बाहेर आल्या आणि दादाने त्यांनाच गाठलं. त्यांनी पान उलटून बघितलं. "अहो, हा आयव्हीएफच्या जोडप्यांचा फॉर्म आहे. स्वतःसाठी साठवायचा वेगळा असतो." तो फॉर्म त्याच काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होता. त्यावर एकच सही लागत होती, माझी. सॉरी कुणी म्हटलं नाही. साठवणीच्या नूतनीकरणाचं पहिलं पत्र घरी आलं, त्यावरही 'श्री. व सौ.' होतं.

त्या नव्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, त्याची मनाची तयारी करून जा. तुमचा मृत्यू झाला तर सॅम्पलचं काय करायचं? हा पर्याय नंतर बदलता येतो का, ते आधी विचारलं आणि मग 'नष्ट करावे'वर खूण केली.

प्रत्यक्ष सॅम्पल देण्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. खोली, डबी, दाराला आतून कडी. जेल, तेल, थुंकी काही वापरायचं नाही, शुक्राणूंना ते मारक ठरू शकतं. थोडं सांडलं तर लाजू नका, सांगा. विशेषतः सुरुवातीचा भाग सांडला असेल तर नक्कीच, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. साधारण दोन ते सात दिवसांचा खंड पाळायला सांगतात, पण केमो तोंडावर असेल तर कमी खंडावरही घेतात. त्या वेळी ते नियमावर अडून बसत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. डबीवरचं नाव मात्र स्वतः वाचून घ्या.

काउंट (शुक्राणूंची संख्या) कमी आला म्हणून मी खचलो होतो. या आजारात तो बऱ्याचदा कमी येतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला तापसुद्धा आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. गोठवून वितळवताना त्यातले बरेच मरतात हेही खरं. पण इक्सीमध्ये (आयव्हीएफचाच एक प्रकार) स्त्रीच्या एका बीजात सुईने एकच शुक्राणू सोडतात, त्यामुळे थोडक्यावरही भागतं. सॅम्पल एकाच व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) न ठेवता विभागून ठेवायला सांगा, म्हणजे एका प्रयत्नासाठी सगळं वितळवावं लागत नाही. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं राहतं. फी थकवू नका आणि फोन नंबर बदलला तर लॅबला लेखी कळवा. मी दादाचाही नंबर देऊन ठेवलाय.