दोनशे फ्लायला लोक कमी लेखतात

पोहण्यात मिडल डिस्टन्स म्हटलं की सगळे फ्रीचंच (फ्रीस्टाइल) बोलतात, दोनशे मीटर नाहीतर चारशे. फ्लाय, म्हणजे बटरफ्लाय, कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण ऑलिम्पिकला फ्लाय दोनशेच्या पुढे जातच नाही. पण मला विचाराल तर मिडल डिस्टन्समध्ये पोहणाऱ्याचा खरा कस दोनशे फ्लायमध्येच लागतो.

आधी टायमिंग बघा. शंभर मीटरचे वर्ल्ड रेकॉर्ड घ्या, चीनच्या पॅन झानलेचा फ्री ४६.४० सेकंद (पॅरिस, २०२४) आणि अमेरिकेच्या ड्रेसेलचा फ्लाय ४९.४५ (टोकियो, २०२१), म्हणजे फरक तीन सेकंदांच्या जरा वर. मग अंतर डबल केलं की फरक सहाच्या आसपास यायला हवा ना? २०२२ मध्ये रोमानियाच्या पोपोविचीने रोमला दोनशे फ्री १:४२.९७ मारली आणि त्याच वर्षी हंगेरीच्या मिलाकने बुडापेस्टला दोनशे फ्लाय १:५०.३४, फरक सात सेकंदांच्याही वर! बीडरमनचा २००९ चा दोनशे फ्रीचा १:४२.०० हा रेकॉर्ड मी मुद्दाम धरला नाही, तो पॉलियुरेथेन सूटचा जमाना होता, पाण्यात जास्त तरंगवणारे ते सूट नंतर बंद झाले. माणूसही एकच हवा असेल तर फेल्प्स घ्या, बीजिंग २००८, दोनशे फ्री १:४२.९६ आणि दुसऱ्याच दिवशी दोनशे फ्लाय १:५२.०३, दोन्ही तेव्हाचे वर्ल्ड रेकॉर्ड. फ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलेलं, भिंत दिसत नव्हती म्हणून स्ट्रोक मोजत पोहला तो, हे खरंय, पण नऊ सेकंदांचा फरक काही नुसत्या गॉगलने पडत नाही.

फरक पडतो तो स्ट्रोकमुळे. फ्रीमध्ये एक हात बाहेर असतो तेव्हा दुसरा पाण्यात काम करत असतो, स्पीड फार पडत नाही, श्वास बाजूने घेता येतो आणि दमलात तर किक थोडी कमी करून, स्ट्रोक लांब करून वेळ मारून नेता येते. फ्लायमध्ये दोन्ही हात एकदमच बाहेर येतात, तेवढा वेळ फक्त किकवर पुढे जायचं, स्पीड पडतो आणि पुढच्या पुलला, म्हणजे हातांनी पाणी मागे ओढताना, तो परत उभा करायचा, हे प्रत्येक स्ट्रोकला. त्यात नियम असा की हात पाण्यावरूनच आणि एकत्रच पुढे गेले पाहिजेत, कितीही दमलात तरी, नाहीतर डिसक्वालिफाय.

आमच्या टँकवर कुठल्याही मीटला (स्पर्धेला) दोनशे फ्लायचे शेवटचे पन्नास मीटर बघा. प्रत्येक स्ट्रोकच्या दोन किकपैकी पहिल्यांदा जाते ती दुसरी, हात बाहेर निघताना जी मारायची असते ती. ती गेली की कंबर खाली, कंबर खाली गेली की श्वासाला डोकं जास्त वर काढावं लागतं, मग कंबर अजून खाली. खांदे असे भरून येतात की हात पाण्यातून निघतच नाहीत. कडेला उभं राहून बघतानासुद्धा जीव कासावीस होतो.

म्हणून पॅरिस ऑलिम्पिकच्या दोनशे फ्लायमधला फ्रान्सचा मार्शाँ मला एवढा भारी वाटतो. शेवटच्या टर्नपर्यंत मिलाक पुढे होता आणि तिथून मार्शाँ पाण्याखालीच किक मारत राहिला, म्हणजे दीडशे मीटर फ्लाय मारून छाती श्वासासाठी फुटत असताना, जेव्हा बाकी सगळे लवकर वर येतात तेव्हा. मार्शाँ १:५१.२१, मिलाक १:५१.७५. आणि त्याच संध्याकाळी दोनशे ब्रेस्टस्ट्रोकचंही गोल्ड!

फिनिशही वेगळाच. फ्रीमध्ये भिंत जवळ आली की जो हात पुढे असेल तो ताणायचा. फ्लायमध्ये स्ट्रोक बरोबर भिंतीवरच संपला पाहिजे, अर्धा स्ट्रोक मारता येत नाही. लंडन २०१२ च्या दोनशे फ्लायला फेल्प्स शेवटी ग्लाइड करत, म्हणजे स्ट्रोक न मारता नुसता सरकत आला आणि दक्षिण आफ्रिकेच्या ल क्लोने ०.०५ सेकंदांनी गोल्ड नेलं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे साजन प्रकाश. २०२१ मध्ये रोमला त्याने दोनशे फ्लाय १:५६.३८ मारली, ऑलिम्पिकचा ए कट (थेट प्रवेश देणारं टायमिंग) १:५६.४८ होता आणि थेट ए कट काढणारा तो पहिला भारतीय स्विमर, तेही मानेच्या दुखापतीतून उठून. ही बातमी वाचून मी खरंच नाचलो होतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, एन्ट्री कमी असतात आणि मेडल सोपं म्हणून लहान पोरांना दोनशे फ्लायला उतरवू नका. आधी चारशे फ्रीचा दम तयार होऊ दे, फ्लाय पंचवीस-पंचवीसच्या सेटमध्ये करून घ्या आणि दुसरी किक सुटली की सेट तिथेच थांबवा.