गोगलगायींची नोंदवही: चाळणी हाती घेतल्यानंतर

मागील हंगामापर्यंत माझ्या यादीत पाच मिलिमीटरपेक्षा लहान असा एकही शंख नव्हता. ही उणीव जागेची नसून माझ्या शोधण्याची होती, हे चाळणी हाती घेतल्यावर उघड झाले. झाडांच्या बुंध्यालगतचा पालापाचोळा गोळा करून, त्यातील जिवंत गोगलगायी आधी वेचून जागच्या जागी सोडून, उरलेला मी तीन दिवस सावलीत सुकवला आणि प्रथम दोन व नंतर अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून चाळला. (पहिल्या खेपेचा ओलाच पिशवीत राहिला आणि बुरशी धरून वाया गेला.) बारीक चाळ पाण्यात टाकली की हवा अडकलेले रिकामे शंख तरंगतात आणि माती तळाशी बसते. ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचललेला पहिला शंख जेमतेम मोहरीएवढा होता. भिंगाखाली मात्र त्याची साडेचार वेटोळी आणि त्यांवरच्या तिरप्या रेघा स्वच्छ मोजता आल्या.

वेटोळी मोजण्याची सवय लागल्यावर जुन्या नोंदी डोळ्यांत खुपू लागल्या. अनेक प्रजातींत पूर्ण वाढ झाल्यावर शंखमुखाची कड जाड होते किंवा बाहेर वळते. पिल्लांची कड पातळ व ठिसूळ असते. मी ‘वेगळी प्रजाती’ म्हणून टिपलेल्या अकरा नोंदी अशा पिल्लांच्याच निघाल्या आणि त्या मी खोडल्या. याचे वाईट वाटले, हे कबूल करतो.

दुसरी चूक अधिक रंजक होती. एका शंखाचे बंद तोंड पाहून मी ‘सुकलेल्या चिकट द्रवाचा पडदा’ असे लिहिले होते. तसा पडदा गोगलगाय कोरड्या दिवसांत तयार करते आणि ओल मिळताच टाकून देते. शिंपडलेल्या पाण्याने हा प्राणी बाहेर आला, तेव्हा ते कडक, चक्राकार रेघांचे झाकण त्याच्या पायाच्या पाठीवर चिकटलेलेच होते. स्पर्शिका चार नव्हे, दोन होत्या आणि डोळे त्यांच्या टोकांवर नसून बुडाशी होते. झाकणवाल्या गोगलगायींचा हा गट निराळाच असून त्यांत नर व मादीही वेगवेगळे असतात.

स्लगबाबत, म्हणजे बाहेरून शंख न दिसणाऱ्या गोगलगायींबाबत, प्रगती तुटपुंजी आहे. त्यांचे रंग मद्यार्कात टिकत नाहीत, म्हणून छायाचित्र जिवंतपणीच आणि उजव्या बाजूने घ्यावे; बहुतेक स्लगांचे श्वसनछिद्र तिथेच असते आणि ते प्रावाराच्या (पाठीच्या पुढच्या भागावरील त्वचेच्या आवरणाच्या) मध्याच्या पुढे आहे की मागे, यावरून कुळाचा अंदाज येतो. माझी जवळजवळ सर्व छायाचित्रे डाव्या बाजूची आहेत.