शेवटची पंगत

‘आम्ही बसतो की मागनं.’ चर्चच्या हॉलवर पाऊल टाकलं की हे वाक्य आपोआप तोंडात येतं. आज ते बोचलं. सायबांच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, सणाला जुन्या गोव्याला चालत निघालेले आमच्याकडं मुक्कामाला असतात; त्यांतल्या गडहिंग्लजकडच्या गटातली ती चष्मेवाली ताट धरून उभी होती. म्हणाली, ‘मावशी, दरवर्षी तुमच्या हातचं जेवते आणि तुमचं नाव ठाऊक नाही बघा.’ मी नाव सांगितलं. तेवढ्यात आमटी खाली लागतेय म्हणून आतून हाक आली आणि रांग पुढं सरकली. झालं ते एवढंच.

टोमणा नव्हता, प्रेमानंच म्हणाली. पण मला ऐकू आलं ते असं, की तुम्ही वाढता भरपूर, भेटत नाही.

आता भेटायला आम्ही काय रिकाम्या असतो? ऐन सुगी, घरोघरी मळणी, गडी माणूस एक हाताशी नाही. आणि चालून आलेले साठ म्हणजे नुसते साठ नव्हेत. घरच्या माणसाला १०० ते १२५ ग्रॅम तांदूळ पुरतो. दिवसभरात पंचवीस-तीस किलोमीटर तुडवून आलेल्याला १७५ धरावा लागतो. म्हणजे साडेदहा किलो, वर साडेतीन किलो डाळ. हा सगळा तांदूळ एकाच टोपात टाकला की कारभार आटोपला. वरचा शिजेपर्यंत तळाचा गिच्च गोळा होतो, कारण आच तळाला आणि वरचं सगळं ओझंही तळालाच. म्हणून दोन टोप, पाणी सढळ, आणि शीत दोन बोटांत दाबल्यावर आत बारीक कणी लागली की लगेच पेज ओतून घ्यायची. मग झाकण ठेवून नुसत्या निखाऱ्यावर दम.

ही पेज मोरीत ओतणारी पोरगी दिसली की माझं डोकं फिरतं. चालून आलेल्याला आल्या आल्या काय पाहिजे? पाणी, मीठ आणि पोटाला थोडा आधार. मीठ घातलेल्या वाटीभर पेजेत तिन्ही आलं. शहरातल्या पोरांना ती नको असते. त्यांच्यासाठी साखर-मीठ-पाणी, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. ‘जरा जास्तच घाल की मीठ, घाम गेलाय’ म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून टाकायचं आणि नवीन करायचं.

हे सगळं त्या चष्मेवालीला काय ठाऊक. आणि ठाऊक कशाला असायला पाहिजे, तिनं पाय चालवायचे. पण कंबर माझीच गेली ना. थोरला असता तर... जाऊ दे.

खरं बोलणं होतं ते घमेल्यापाशी, पाय धुताना. तिथं आपण खाली बसलेले, ते खुर्चीवर. माणूस पायाकडं बघत बोलतो, म्हणून मोकळं बोलतो. पण घमेली आता तरुण पोरांकडं दिली आहेत आणि पोरांना कामाची घाई. पाणी कोमट पाहिजे, कोपर बुडवून बघायचं, हात नाही. आमचे हात स्वयंपाकानं मेलेले, त्यांना कढतसुद्धा कोमट लागतं. साखरेचा आजार असलेल्याच्या पावलाला चटका कळत नाही, म्हणून आधी विचारायचं, मग पाय बुडवायचा. दहा मिनिटं पुरे. जास्त भिजवलं की कातडं पांढरं, सुरकुतलेलं होतं आणि उद्या चपलेच्या पट्ट्याखाली सोलून निघतं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, हे तर सगळेच विसरतात.

फोडाचं परत परत सांगते. बारका असेल तर हात लावू नका. टाचेवरचा रुपयाएवढा, ताठ, पाऊल टेकवू न देणारा असेल तरच, तोही साखरेचा आजार नसेल तर: साबणानं धुवायचा, निर्जंतुक सुई कडेला, कातडीलगत आडवी घालायची, कापसानं हळू दाबून पाणी काढायचं, वरचं कातडं जसंच्या तसं ठेवायचं, त्यावर पट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आमच्याकडं अजून आहे. पाणी झिरपतं खरं, पण त्याच दोऱ्यावरून घाण आत जाते आणि चोर्ला घाट उतरेपर्यंत पाय ठणकायला लागतो.

तर भेटणं. फादरांनी गेल्या रविवारी संत बेनेडिक्टचा नियम काढला होता, मठातल्या बंधूंसाठी लिहिलेला, सहाव्या शतकातला. त्रेपन्नाव्या प्रकरणात आहे की येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्त समजून घ्यावा, त्याच्या हातावर पाणी घालावं, पाय धुवावेत. आणि छप्पन्नाव्यात, मठाधिपतीनं नेहमी पाहुण्यांबरोबर जेवावं. तेव्हा मनात आलं होतं, मठाधिपतींना बसायला काय, त्यांना कुठं आमटी ढवळायची असते. आज घरी येऊन त्रेपन्नावं प्रकरण परत वाचलं आणि हसू आलं. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर वेगळं ठेवावं, कारण ते अवेळी येतात. तिथं वर्षभरासाठी दोन बंधू नेमावेत, लागेल तशी मदत द्यावी, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. कुरकुर! एवढ्या मोठ्या संतालाही स्वयंपाकघर ठाऊक होतं म्हणायचं.

बायबलातल्या मार्था-मरीया बहिणींचं, एक राबली आणि दुसरी येशूच्या पायाशी ऐकत बसली त्यांचं, कुणी नाव काढू नये, ते आम्हाला दर वर्षी ऐकवतात. मला आपला अब्राहाम जवळचा वाटतो. बायबलातल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात तिघं पाहुणे येतात, बायकोला, सारेला, तीन मापं सपीठ मळायला लावतो (तिघांना तीन मापं, तिला विचारलं असतं तर हिशेब बरोबर आला असता), वासरू कापतो, आणि ते झाडाखाली जेवत असताना हा शेजारी उभा. बसला नाही. म्हणजे उभं राहून वाढणं हेही काही कमी प्रतीचं नव्हे.

आणि ही रीत काही चर्चनं शिकवलेली नाही. आषाढीला गावात दिंडी उतरते तेव्हाही यजमानीण शेवटच्या पंगतीलाच बसते, उरलंसुरलं आणि गार झालेलं खाते. पाहुण्याआधी जेवणं सोडा, पाहुण्याबरोबर जेवली तरी गल्लीत चर्चा होते. आई काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

तरी मन तिथंच फिरतंय. स्पेनमध्ये सान्तियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर ग्रान्योन नावाचं गाव आहे. तिथं चालणारे चर्चच्या इमारतीतच जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. स्वयंपाक सगळे मिळून करतात, जेवतात एकत्र, भांडीही तेच घासतात, मग प्रार्थना. पैशाची पेटी उघडी असते: जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. अमेरिकेत साडेतीन हजार किलोमीटरच्या अॅपलेशियन पायवाटेवर, पेन्सिल्व्हेनियातल्या डेलावेअर वॉटर गॅपला, एक प्रेस्बिटेरियन चर्च १९७६ पासून तळघरात वाटसरूंना उतरवून घेतं. असल्या चर्चमधून गावकरी घरून एकेक पदार्थ घेऊन येतात आणि त्या घामेजलेल्या लोकांच्या शेजारी बसून खातात. वाढणारं वेगळं नाही, खाणारं वेगळं नाही.

आमच्याकडं काय होतं? चार वाजता पोचलेली, पाय धड असलेली चार-पाच जणं दारात येऊन विचारतात, ‘मावशी, काही करू का?’ आणि आम्ही सगळ्या एका सुरात, ‘बस बस, दमलायस.’ एवढा मायेचा शब्द, पण दार लावल्यासारखाच की. लसूण सोलायला बसून कुठं पाय दुखतात? कोथिंबीर निवडायला? दोन किलो लसणाला आम्हा तिघींचा तास जातो. त्या पाच जणांना परातीभोवती बसवलं असतं तर लसूणही झाला असता आणि पाच नावंही कळली असती. अडचण एकच, आलेला माणूस आधी हातपाय धुऊन बसला पाहिजे, आणि नळ दोनच.

झोपण्याचं म्हणाल तर बरं चाललंय. माणशी सहा फूट बाय अडीच फूट, मधून जायला वाट, खाली आधी ताडपत्री आणि मगच सतरंजी. नोव्हेंबरातली फरशी अंगातली ऊब ओढून घेते, तिथं वरून दोन पांघरुणं घालूनही उपयोग नसतो. लाईटच्या बोर्डावर वीस मोबाईल चालतात. पण काल कुणीतरी अंघोळीच्या पाण्याची कॉइल त्याच बोर्डावर लावली. दीड हजार वॅटची कॉइल आणि सहा अँपिअरचा बोर्ड! सव्वातेराशे-चौदाशे वॅटच्या वर त्याला कसं झेपावं? प्लग मऊ पडला होता. चिठ्ठी लावून उपयोग नाही, बंब आधी पेटवून ठेवणं हाच उपाय. पहाटेच्या डब्यात दहीभात कुणी मागितला तरी द्यायचा नाही, दुपारपर्यंत आंबतो. चपाती, शेंगाचटणी, वेगळ्या पुडीत चुरमुरे-गूळ. आणि जांबोटीच्या पुढं उजेड होईपर्यंत एकटंदुकटं निघू नका हे माईकवरून सांगायचं, गवे रस्त्यात उभे असतात. पोरांना ३ डिसेंबरच्या सणाच्या आत जुन्या गोव्यात पोचायची अशी घाई असते की सायब जणू थांबणार नाहीत. १५५४ पासून थांबलेत की.

मी काय ठरवलं ते लिहून ठेवते, नाहीतर सकाळी अवसान जाईल. प्रत्येक पंगतीला आमच्यातल्या दोघी बसणार, आळीपाळीनं. वाढप बाकीच्यांकडं. आमटीचा टोप आधीच उतरवून ठेवायचा, म्हणजे कुणी हाक मारायला नको. आत्याला चालेल. मौशीला चालणार नाही. ती म्हणणार, पाहुण्यांच्या पानाला पान लावून बसता, लाज नाही? तिला उठवून लोणचं वाढायला लावलं की गप्प होईल; वाढल्याशिवाय तिला जेवण जात नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जाईलसं वाटत नाही. बसेन आणि कुणाच्या पानात आमटी कमी आहे तेच बघेन.

उद्या पंचेचाळिसांचा निरोप आहे, म्हणजे पंचावन्न धरायचे. आमच्या सहा, त्यांना सव्वाशे ग्रॅम पुरे, चाललोय कुठं आम्ही. साडेदहा किलोतच भागतंय. मौशीला सकाळी सांगते, आत्ता फोन केला तर ती रात्रभर भांडेल.